घरातल्या प्रौढ व्यक्तीची सही

शनिवारी सकाळी त्यानं स्टुलावर चढून कपाटावरची लांबट पेटी खाली काढली, पलंगावर आडवी ठेवली, ओल्या फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसली आणि सहा वर्षांनी तिचं कुलूप उघडलं. रायफल आत होती. हिरव्या अस्तरात जशी ठेवली होती तशीच पहुडलेली. नळी होती, लाकडी दस्ता होता, दस्त्यावर गाल टेकायच्या जागी चिकटवलेला निळ्या कापडाचा तुकडाही होता. पण मधोमध, जिथं बोल्ट असायचा, तिथं नुसती पोकळी होती. बोल्ट म्हणजे बोटभर जाडीचा मूठवाला पोलादी दांडा. तो मागं ओढायचा, पुढं सारायचा. तो असला तर बंदूक, नसला तर पडदा अडकवायची काठी. त्यानं अस्तराखाली बोटं घालून चाचपलं. पेटी उचलून हलवली. पलंगाखाली वाकून बघितलं, जणू सहा वर्षांपूर्वीची वस्तू आत्ताच घरंगळून गेली असावी. कुलूप शाबूत होतं. किल्ली कपाटाच्या दाराआडच्या खिळ्यावर, जिथं नेहमी असते तिथंच होती. म्हणजे चोर बाहेरचा नव्हता. तो पलंगाच्या कडेला बसला आणि त्याला एक भलतीच गोष्ट खुपायला लागली. एकतीस वर्षं तो वजनमापं खात्यात निरीक्षक होता. दुकानादुकानांतून जाऊन लोकांचे काटे तपासायचे, वजनं चिमट्यानं उचलून काचेच्या पेटीत तोलायची, अर्ध्या ग्रॅमचा फरक दिसला तरी शिक्का नाकारायचा, यात त्याचं आयुष्य गेलं होतं. आणि घरातून चांगलं वाटीएवढ्या वजनाचं पोलाद नाहीसं झालं, तर पेटी खाली उतरवताना त्याच्या हातांना पत्तासुद्धा लागला नव्हता.

स्वयंपाकघरात बायको भांडी विसळत होती. जुने कागद शोधतोय असं त्यानं तिला सांगितलं होतं. नळाचा आवाज थांबला की ती विचारणार, सापडले का कागद, असं त्याला वाटलं. म्हणून तो घाईघाईनं पेटी बंद करायला लागला. नळ थांबला. तिनं काही विचारलं नाही. त्यानं कुलूप लावलं. विचारायचं तर आधी पेटीचं नाव काढायला हवं होतं, आणि त्या दोन खोल्यांत त्या पेटीचं नाव निघत नसे. मुलीचंही निघत नसे. तिला तो पावशेर म्हणायचा. जन्मली तेव्हा एवढीशी होती, दवाखान्यातल्या काट्यावर त्यानं स्वतः काटा शून्यावर आहे की नाही ते तपासून घेतलं होतं आणि नर्सनं कपाळावर हात मारला होता. पुढं पावशेर त्याच्या खांद्याला लागली, कॉलेजात गेली, तरी पावशेरच राहिली. एकोणिसाव्या वर्षी साधा ताप म्हणून अंथरुणाला लागली आणि अकराव्या दिवशी गेली. रायफल तिचीच होती. परवाना त्याच्या नावावर, पण हात तिचे. तेराव्या वर्षी त्यानं तिला नेमबाजीच्या क्लबात नेलं, ते तिच्या उनाडपणाला काहीतरी वळण लागावं म्हणून. वर्षभरात ती त्याच्या पुढं गेली, आणि त्यालाच शिकवायला लागली. ‘बाबा, श्वास धरून ठेवायचा नसतो. सोडायचा. सोडल्यावर जी जागा उरते ना, तिथं थांबायचं.’ त्याला ती जागा कधी सापडली नाही. तिला सापडायची. कागदाच्या गोल निशाणावर तिची पाच भोकं एकाच भोकासारखी दिसायची. निळा तुकडा तिच्या जुन्या फ्रॉकचा होता. दस्ता गालाला गार लागतो म्हणून तिनंच डिंकानं चिकटवला होता. तो आता कडेनं किंचित उचकटला होता आणि मधे, जिथं तिचा गाल टेकायचा, तिथं झिजून पांढुरका झाला होता.

पेटी उघडायची वेळ आली ती नव्या कायद्यामुळं. आत्तापर्यंत परवान्याचं नूतनीकरण म्हणजे दर तीन वर्षांनी एक अर्ज टपालात टाकायचा आणि विसरून जायचं. मग कुठल्याशा गावात एका माणसानं घरातल्या बंदुकीनं घरातलीच चार माणसं मारली, महिनाभर पेपरांतून दुसरं काही छापून आलं नाही, आणि वर्षाच्या आत सगळेच नियम बदलले. मंगळवारी आलेल्या पाकिटात आठ पानं होती. एका माणसाला एकच शस्त्र. ते समक्ष आणून दाखवायचं, सर्व भागांसह. शस्त्र कशासाठी हवं त्याचं सबळ कारण द्यायचं, आणि खेळ हे कारण असेल तर क्लबाचा हजेरीचा दाखला जोडायचा. डॉक्टरचं प्रमाणपत्र. आणि शेवटच्या पानावर एक चौकट, जी घरातल्या दुसऱ्या प्रौढ व्यक्तीनं भरायची. त्यात छापलं होतं : ‘या घरात अशी कोणतीही व्यक्ती नाही, की जिच्या हाती हे शस्त्र पडल्यास तिला स्वतःला अथवा इतरांना धोका संभवतो.’ खाली सहीसाठी ठिपक्यांची ओळ. त्यानं ती आठ पानं निरीक्षकाच्या नजरेनं वाचली होती आणि त्याला ती पटली होती. मसुदा नेटका होता. असल्या पळवाटा बुजवायलाच हव्यात, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. आयुष्यभर तो लोकांना सांगत आला होता, नियम तुमच्या एकट्यासाठी नाही केलेला, मनाला लावून घेऊ नका. एका म्हाताऱ्या सोनाराचा वडिलांच्या वेळचा पितळी काटा नव्या नियमात बसत नव्हता, तेव्हा त्यानं तो जप्त करून पावती लिहून दिली होती. काटा अचूक होता. दोघांनाही ते माहीत होतं. सोनार रडला होता, दुकानात गिऱ्हाईक असताना, नाक पुसत. त्याला तेव्हा त्या माणसाची थोडी लाजच वाटली होती.

रविवारी तो क्लबावर गेला. दाखला मागायचा आणि जमलं तर जुना कुठला बोल्ट बसतो का ते बघायचं, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. बोल्ट कुणी काढला हा प्रश्न त्यानं बाजूला सारून ठेवला होता. उत्तर ठाऊक असल्यासारखा. क्लब पूर्वी रविवारी भरलेला असायचा. आता गोळीबाराच्या लांब शेडमधे दोनच माणसं होती. एक दाताचा डॉक्टर, त्याच्याकडं चार बंदुका होत्या आणि तीन द्यायच्या होत्या; तो चारही टेबलावर मांडून बसला होता. “मुलींची लग्नं ठरवणं सोपं होतं हो,” तो म्हणाला. “तिथं निदान त्या तरी बोलायच्या.” मग त्याला काहीतरी आठवलं असावं. त्यानं जीभ चावली आणि उगाच एका नळीत डोळा घालून बघत बसला. दुसरा कप्तान. कप्तान खरोखरचा कप्तान कधीच नव्हता, फौजेत हत्यारं दुरुस्त करायचा. पण क्लबाची सगळी कपाटं, किल्ल्या आणि नोंदवही त्याच्या ताब्यात होती, आणि पावशेरला पहिल्यांदा पोटावर झोपून नेम धरायला त्यानंच शिकवलं होतं.

“दाखला मी कसा देऊ?” कप्तान म्हणाला. “सहा वर्षांत पाय ठेवला नाहीस. हजेरी कुठली लिहू? खोटी?”

“खोटी नको.”

“मग?”

“बोल्ट नाहीये तिच्यात,” तो म्हणाला. “काल पेटी उघडली. बोल्टच नाही.”

कप्तानानं त्याच्याकडं बघितलं. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला, लोखंडी कपाट उघडलं, खालच्या खणात हात घालून एक पुडकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. तपकिरी कागदात गुंडाळलेलं, कोपरे आत दुमडलेले, दुमडीवर दुमड बरोबर बसलेली. कप्तानानं तोंड उघडायच्या आधीच त्याला कळलं. बायको ग्रंथालयात कामाला होती. फाटक्या पुस्तकांची शिवण करायची, त्यांना पुठ्ठे आणि कव्हरं चढवायची. घरात साखरेची पुडीसुद्धा ती तशाच कोपऱ्यांची बांधायची.

“तिनं आणून दिला होता,” कप्तान म्हणाला. “म्हणाली, ठेवून घ्या. त्यांनी विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर राहू द्या. मीही तिला काही विचारलं नाही. तारीख लिहून ठेवली तेवढी.”

“मी विचारलं नाही.”

“नाहीच विचारलंस. मी वाट बघत होतो खरा.”

नोंदवहीत तारीख होती. मुलगी जाऊन अठ्ठेचाळीस दिवस झाले होते तेव्हाची. त्यानं ती दोनदा वाचली आणि पुडकं पिशवीत टाकून बाहेर पडला. घर चालत अर्ध्या तासावर होतं. त्याला दीड तास लागला. कारण त्या तारखेच्या पुढं, तीन आठवड्यांनी, एक दुपार होती. ती दुपार त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. डोकं दुखतंय म्हणून तो कचेरीतून लवकर घरी आला होता. बायको नुकतीच पुन्हा कामावर रुजू झाली होती, घरात कुणी नव्हतं. खिडकीतून येणारं ऊन फरशीवरून सरकत पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं. त्यानं पेटी काढून मांडीवर घेतली होती आणि तो बसून राहिला होता. रडू येत नव्हतं. वाईटही फारसं वाटत नव्हतं. काटा शून्यावर येऊन थांबावा तसं सगळं थांबलं होतं, आणि त्यात एक विलक्षण सोय आहे असं त्याला वाटलं होतं. किल्ली हातात होती. ती तळव्यात गरम झाली होती एवढं त्याला आठवत होतं. मग शेजारच्या घरात कुणाची तरी बादली पडली, मोठ्यानं, आणि कुणीतरी कुणाला तरी वेंधळ्या म्हणालं, आणि तो उठला, आणि त्यानं पेटी वर ठेवून दिली. बस्स. एवढंच. बादलीच्या आवाजानं आपण वाचलो हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? पण आज कळत होतं की कुलूप उघडलं असतं तरी आत काहीच नव्हतं. नुसतं लाकूड आणि नळी. तीन आठवडे आधीच तिनं सगळी तजवीज करून ठेवली होती. म्हणजे त्याला स्वतःला कळायच्या आधी तिला कळलं होतं.

वाटेत एका बंद दुकानाच्या पायरीवर तो टेकला. मग एकेक गोष्ट उलगडायला लागली, उसवलेल्या शिवणीसारखी, एक टाका ओढला की पुढचा आपोआप. तेव्हा ती रोज चारच्या ठोक्याला कचेरीत फोन करायची. काही कामाचं नसायचं. दिवे गेलेत का तिकडं, छत्री नेलीत का, गॅसवाला येऊन गेला. हाताखालची माणसं हसायची, साहेबांचा चारचा फोन म्हणायची, आणि तो खेकसून दोन शब्दांत संपवायचा. तो न्हाणीघरात जास्त वेळ राहिला की ती दारावर टकटक करायची, साबण आहे ना, म्हणून. गच्चीवर कपडे वाळत घालायला त्याला एकट्याला जाऊ द्यायची नाही. हे सगळं त्याला तेव्हा डाचलं होतं. बायको चिकट झाली आहे, दुःखानं माणसं चिकट होतात, असं त्यानं मनाशी नोंदवून टाकलं होतं. आता प्रत्येक गोष्टीच्या मागं एक दुसरी गोष्ट उभी राहिली. सहा वर्षं त्याच्यावर पहारा होता. पहिल्यांदा त्याला रागच आला. आपण एवढे ढासळलेले दिसत होतो? आणि दिसत होतो तर बोलली का नाही? गपचूप जाऊन कप्तानाच्या हाती दिलं, म्हणजे कप्तानालाही माहीत, सहा वर्षं तोही ओळखून. कान तापले त्याचे. पण उठून चालायला लागल्यावर रागाच्या खालून हळूहळू काहीतरी वेगळंच वर आलं. ऊब म्हणावी असं. कुणीतरी आपल्याकडं बघत होतं. आपण एकटे नव्हतो त्या दुपारी. बादली पडली नसती तरी नव्हतो. घराचा जिना चढताना मधल्या वळणावर तो कठड्याला धरून जरा वेळ उभा राहिला.

तरी घरात शिरल्यावर तो सरळ आतल्या खोलीत गेला. पुडकं त्यानं कपाटात शर्टांखाली ठेवलं. दोन दिवस गेले. मंगळवारी संध्याकाळी त्यानं अर्जाची आठ पानं टेबलावर पसरली, सात भरली आणि आठवं तिच्यासमोर सरकवलं. ती चष्मा लावून वाचत राहिली. ती नेहमीच सावकाश वाचायची, पुस्तकांची पानं गळलीत का बघायची सवय होती. पण चार ओळींना इतका वेळ लागत नाही.

“मी सही नाही करणार,” ती म्हणाली.

“हजेरीचा दाखला मिळणार नाहीच. तरी अर्ज तर करून बघू. तिची एवढीच वस्तू—” 

“कळतंय मला ती कुणाची आहे ते.”

“मग?”

“यात काय लिहिलंय वाचलंत ना? या घरात अशी कुणी व्यक्ती नाही म्हणून. मी खोटं कसं लिहून देऊ?”

तिनं चष्मा काढला, घडी घातली, डबीत ठेवला. त्याला वाटलं आता विचारावं. आता सांगावं, की ठाऊक आहे मला, आणि तुझे उपकार आहेत. पण ‘खोटं’ हा शब्द मधे पडला होता. सहा वर्षांनंतरही? आजही तिला असं वाटतं? आपण रोज दाढी करतो, निवृत्तीचे कागद तयार करतो, शेजाऱ्याशी पाण्याच्या टाकीवरून भांडतो, आणि ही आपल्याकडं बघते तेव्हा तिला काय दिसतं? “बरं,” तो म्हणाला. “मग जमाच करून टाकू.” तिनं मान हलवली. डबी खणात ठेवताना म्हणाली, “मी पण येते.”

गुरुवारी दोघं परवाना कचेरीत गेली. पेटी त्यानं घेतली होती. जिन्यात ती म्हणाली, “एका बाजूनं धरू का?” पण दोघांनी मिळून ती लांबट पेटी धरली तर कसं दिसेल हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं. ती पुढं झाली, तो मागून एकटाच घेऊन उतरला. कचेरीत गर्दी होती आणि तरी शांतता होती. भिंतीला टेकून बाकं, बाकांवर माणसं, माणसांच्या मांडीवर किंवा पायांशी लांब पिशव्या, पेट्या, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. एक मळेवाला मोठ्यानं तक्रार करत होता, रानडुकरांना आता अर्ज लिहू का म्हणून, आणि कुणी हसत नव्हतं. एक जख्ख म्हातारी एकटीच बसली होती. तिच्या हातात नुसता परवाना होता आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की बंदूक विहिरीत पडली त्याला चाळीस वर्षं झाली. त्याला एकोणसत्तर नंबरचा बिल्ला मिळाला. खिडकीच्या काचेवर सत्तेचाळीस चालू होता. दोघं बाकाच्या टोकाला बसली, पेटी पायांशी.

पंचावन्न झाला तेव्हा तो बोलला. समोर बघतच.

“कप्तानानं दिला मला बोल्ट. रविवारी.”

ती काचेवरचा आकडा बघत होती.

“मला सांगायला हवं होतंस. म्हणजे… रागावलो नाहीये मी. आधी रागावलो होतो. पण मी इतका खचलोय हे तुला दिसलं, आणि तू—”

“तुमचं काय?” ती म्हणाली.

“तू बोल्ट काढून नेलास ना. माझ्यासाठी.”

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्या नजरेत त्याला अपेक्षित होतं त्यातलं काहीच नव्हतं. ती गोंधळलेली दिसली. मग तिच्या तोंडाभोवतीची कातडी हळूच सैल पडली.

“तुमच्यासाठी नाही काढला,” ती म्हणाली.

काचेवर छपन्न आला. कुणीतरी उठलं, कुणाचे तरी पाय आडवे आले, माफ करा, माफ करा.

“तुम्ही नवव्या दिवशी कामावर गेलात,” ती अगदी खाली आवाजात सांगायला लागली, जसं घरी नसलेल्या माणसाविषयी सांगावं. “मला दोन महिन्यांची रजा होती. सकाळी तुम्ही गेलात की दार लावायचं आणि मग संध्याकाळपर्यंत ते घर. तुमचा राग नाही म्हणून सांगत. तुम्हाला जाणं भाग होतं. एक दिवस मी पेटी काढली. तिच्या कापडाचा वास घ्यायला काढली होती, खरंच. मग दुसऱ्या दिवशी काढली. मग रोज. तिनं मला सगळं शिकवलं होतं, तुम्हाला माहीत नाही. तुम्ही कामावर असताना आम्ही दोघी चटईवर बसायचो आणि ती मला दाखवायची, आई, हे असं, आई, हे तसं, तुझी बोटं शिवणाची आहेत, तुला जमेल. एक दिवस मी कापडावर गाल ठेवला आणि उठावंसंच वाटेना. गोळ्यांची डबी कुठं असते तेही मला माहीत होतं. तेव्हा मी घाबरले. तसंच उठून बोल्ट काढला, हाताशी कव्हराचा कागद होता त्यात गुंडाळला आणि चालत क्लबात गेले. पायांत काय घातलं होतं तेसुद्धा आठवत नाही. डबी वाटेत टाकीजवळच्या चौकीत देऊन टाकली. परत आले तर चार वाजले होते. तुम्हाला फोन केला.”

“फोन,” तो म्हणाला.

“रोज करायचे. आवाज ऐकू यावा म्हणून कुणाचातरी. तुम्ही लगेच ठेवायचात. पण तेवढ्यावर सहा वाजेपर्यंत निघायचं.”

  चार दिवस ज्या उबेवर तो जगला होता ती विरून गेली. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. त्या दुपारी तो एकटाच होता, जसा होता तसा एकटा. आणि ती त्याच खोलीत, त्याच पलंगावर, तीच पेटी घेऊन, तीन आठवडे आधी. तो कुठं होता तेव्हा? कुठल्यातरी किराणा दुकानात काट्याची पारडी बरोबरीत आहेत की नाहीत ते बघत असणार. ती न्हाणीघराच्या दारावर टकटक करायची ती त्याच्यासाठी नव्हती. गच्चीवर त्याला एकटं जाऊ द्यायची नाही, की तिला एकटीला खाली राहायचं नसायचं? सगळ्या खुणा तिच्याच होत्या, आणि त्यानं आत्ता रविवारीदेखील त्या आपल्याच नावावर मांडून घेतल्या होत्या. “आणि आता?” त्यानं विचारलं. “परवा सही करणार नाही म्हणालीस.”

“रोज नाही तसं वाटत,” ती म्हणाली. “पण कधी वाटणारच नाही असं कसं लिहून देऊ? सरकारी कागद आहे.”

बिल्ल्याचा नंबर लागला तेव्हा दोघं उठली. खिडकीमागं एक तरुण बाई होती, सकाळपासून तेच प्रश्न विचारून तिचा आवाज सपाट झाला होता. जमा करण्याचं कारण? नूतनीकरण नको, शस्त्र निकामी, मालक मयत, इतर. “इतर,” तो म्हणाला. तिनं खूण केली. शेजारच्या टेबलावरच्या हवालदारानं पेटी उघडली, रायफल उचलली, नळीवरचा नंबर कागदाशी ताडून बघितला. त्यानं आपल्या पिशवीतून पुडकं काढून हवालदाराला दिलं. हवालदारानं कोपरे न बघता कागद टरकन फाडला, बोल्ट जागेवर बसवून बघितला, परत काढला, रायफलीला दोरीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. तेव्हा बायको पुढं झाली. “ते निळं कापड तेवढं काढून देता का? नुसतं चिकटवलंय. ओढलं की येईल.”

हवालदारानं तिच्याकडं बघितलं, मग कापडाकडं. माणूस वाईट नव्हता. “बाई, आलं तसं जमा करायचं असतं. मी वर्णनात लिहिलंय आता. दस्त्यावर निळं कापड.”

“पण त्याचा तुम्हाला काही—”

“असू दे,” तो तिला म्हणाला. “आलं तसंच घ्यावं लागतं त्यांना.” हे वाक्य त्यानं स्वतः किती वेळा म्हटलं असेल. ते म्हणायला सोपं होतं, आजही सोपं गेलं, आणि मग पावतीवर सही करताना त्याला अक्षरं दिसेनात. नाकातून पाणी आलं. मागं रांग होती, माणसं बघत होती, त्यानं बाहीनं नाक पुसलं आणि पुन्हा वाकला. तिनं कागद हातानं दाबून धरला, तो हलू नये म्हणून. सही वेडीवाकडी झाली. साक्षीदार म्हणून खाली तिनं केली, सरळ.

बाहेर लख्ख दुपार होती. रिकामी पेटीही जमा झाली होती, त्यामुळं हातांना काही काम उरलं नव्हतं. बसथांब्यावर सावली होती. दोघं तिथं जाऊन बसली.

“मी पण काढली होती,” तो म्हणाला. “पेटी. मांडीवर घेऊन बसलो होतो.”

ती वळली नाही. “कधी?”

“तू कामावर गेलीस त्याच्या पहिल्या आठवड्यात. दुपारी.”

तिनं मनाशी दिवस मोजले. ओठ हलले तिचे. “तेव्हा बोल्ट कप्तानांकडं होता,” ती म्हणाली. आणि मग, “उघडली होतीत?”

“नाही.”

“मला काहीच कळलं नाही,” ती म्हणाली. “त्याच पलंगावर शेजारी झोपत होते मी.”

“मलाही कुठं कळलं.”

एक बस आली, दार उघडून उभी राहिली, चालकानं दोघांकडं बघितलं, आणि गेली. रस्त्यापलीकडं एक माणूस खिडकीची काच पुसत होता. इकडं सावलीत बसून त्याला त्या दिवसांतलं घर आठवायचं होतं. तिची साडी कुठली असायची, केस विंचरलेले असायचे का, संध्याकाळी दार उघडताना तिचा चेहरा कसा असायचा. काही येईना. दार उघडलं जायचं एवढं आठवत होतं, उघडणारं माणूस आठवत नव्हतं. त्यानं खूप प्रयत्न केला.

“तू जेवत होतीस का गं तेव्हा?” त्यानं विचारलं.

तिला प्रश्न समजायला वेळ लागला. मग ती खरोखरच विचार करायला लागली, कपाळाला आठ्या घालून.

“आठवत नाही,” ती म्हणाली. “आणि तुम्ही?”